उत्तेजन की उत्तेजनार्थ?

मागचा_बाक (धागाकर्ता) · शनिवार, रात्री १०:१२

सलाम सगळ्यांना.

शाळेत मला कायम उत्तेजनार्थ बक्षीस मिळायचं. पहिला-दुसरा-तिसरा नंबर वाटून झाले की उरलेल्यांची तोंडं उतरू नयेत म्हणून एक कंपासपेटी. त्यामुळं की काय, उपासनेत कुणी 'एकमेकांना उत्तेजन द्या' म्हटलं की मला अजून ती कंपासपेटीच दिसते. हरलेल्याच्या हातात काहीतरी टेकवायचं आणि टाळ्या वाजवायच्या.

मुद्द्यावर येतो. मी कोल्हापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) खजिनदार. (कुठल्या ते विचारू नका. आपला समाज एवढुसा, अर्ध्या वर्णनावर ओळखाल.) मार्चअखेर म्हणून वर्गणीची वही घेऊन बसलो होतो. एका कुटुंबाचं पान सप्टेंबरपासून कोरं. आधी वाटलं, माझीच नोंद राहिली. मग आठवायला लागलो, यांना शेवटचं कधी बघितलं? नाताळात? आठवेना. त्यांच्या पुढच्या बाकावर बसणाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, 'अरे हो, दिसले नाहीत बरेच दिवसांत.'

सात महिने. नवरा, बायको, नववीतली मुलगी. तीन माणसं सात महिने उपासनेला नाहीत आणि हे कळलं कशावरून, तर पैशाच्या वहीवरून. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, खोटं कशाला सांगू.

पाळकसाहेबांच्या (आमच्या पास्टरांच्या) कानावर घातलं. ते म्हणाले, 'तुमच्या लक्षात आलं ना, मग तुम्हीच जा.' वर घरोघरी भेटी द्यायचं कामही माझ्याच गळ्यात.

तर प्रश्न असा. जाऊन बोलायचं काय? शास्त्रातलं (बायबलमधलं) वचन वाचायचं? प्रार्थना करायची? की नुसता चहा पिऊन यायचं? आणि खजिनदार दारात उभा दिसला की माणूस काय समजेल, ते वेगळं सांगायला नको.

---

सलाम_पाहुणं · शनिवार, रात्री १०:३१

पावतीपुस्तक घरी ठेवून जावा. बाकी काय बी चालतंय.

---

बिरुयाकर · शनिवार, रात्री ११:०५

कंपासपेटीची उपमा आवडली, पण घोळ भाषांतराचा आहे. नव्या करारात ग्रीक शब्द येतो तो 'पॅराकॅलिओ'. 'पॅरा' म्हणजे शेजारी, 'कॅलिओ' म्हणजे हाक मारणे. शेजारी येऊन हाक मारणे, किंवा कुणाला आपल्या शेजारी बोलावणे. आपल्या पवित्र शास्त्रात त्याच शब्दाचं कुठं 'बोध', कुठं 'सांत्वन', कुठं 'धीर', कुठं 'विनंती' झालंय. एका शब्दाची चार घरं. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला 'कैवारी' म्हटलंय, तोही याच धातूचा. कैवार घेणं आणि बक्षीस समारंभात टाळ्या वाजवणं यात किती अंतर आहे बघा.

आणि माणूस हवा असेल तर बर्णबा. खरं नाव योसेफ, कुप्र बेटावरचा लेवी. प्रेषितांनी त्याचं नाव ठेवलं बर्णबा, म्हणजे बोधपुत्र. टोपणनाव उगाच पडत नाही, गल्लीतसुद्धा नाही. शौल (हाच पुढं पौल म्हणून ओळखला गेला) यरुशलेमेत आला तेव्हा शिष्य त्याला घाबरून जवळ करेनात. काल घरात शिरून लोकांना तुरुंगात ओढणारा हा, आज म्हणतो मी तुमच्यातला. बर्णबा त्याला हाताला धरून प्रेषितांकडे घेऊन गेला आणि त्याच्या वतीनं बोलला. पुढं अंत्युखियात काम वाढलं तेव्हा एकट्यानं मिरवण्याऐवजी तार्सला जाऊन शौलाला शोधून आणलं. 'शोधून' हा शब्द माझा नाही, 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात आहे.

आणखी एक. मार्क हा दोघांचा साथीदार प्रचाराच्या एका दौऱ्यातून अर्ध्यावर परत गेला होता. पुढच्या दौऱ्याला त्याला न्यायचं नाही म्हणून पौल अडून बसला, बर्णबा नेऊ म्हणाला. भांडण इतकं की दोघं वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला. आणि त्याच पौलानं अखेरच्या पत्रात तीमथ्याला लिहिलं की मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधली वर्षं बर्णबानं मार्कसाठी काय केलं, हे कुठं लिहिलेलं नाही. मला वाटतं, लिहिण्यासारखं काही नव्हतंच. बरोबर ठेवलं, एवढंच.

---

पुण्याहून_परत · रविवार, सकाळी ७:४८

आमच्या तरुण संघाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. रोज सकाळी सहाला गुलाबाचं फूल आणि त्यावर वचन. एकाच सकाळी तेच फूल चार वेळा येतं. मागच्या महिन्यात एका पोरानं लिहिलं, 'वडील आयसीयूत आहेत, प्रार्थना करा.' खाली हात जोडलेले त्रेचाळीस. मी मोजले, कारण चव्वेचाळिसावा मीच टाकणार होतो. त्रेचाळिसांपैकी एकानंही विचारलं नव्हतं की कुठल्या दवाखान्यात.

मी विचारलं. सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय निघालं. माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटं.

---

मिरजेची_सिस्टर · रविवार, दुपारी २:२०

वॉर्डात तीस वर्षं काढली, त्या हिशोबानं सांगते.

पेशंटला भेटायला येणाऱ्यांत ख्रिस्ती माणूस लांबून ओळखू येतो. हातात शास्त्र असतं आणि घाईत असतो. कॉटवर बसू नका. 'डॉक्टर काय म्हणाले' हे विचारू नका, तो दिवसातून वीस वेळा सांगून दमलेला असतो. प्रार्थना करू का म्हणून आधी विचारा, आणि केलीत तर दोन वाक्यांत, हळू आवाजात. शेजारच्या कॉटवरही माणूसच झोपलेला असतो. देवाला ऐकू कमी येत नाही.

पण खरं काम पेशंटजवळ नसतंच. ते असतं बाहेरच्या बाकड्यावर, सोबत राहणाऱ्या माणसापाशी. तीन दिवस त्याची आंघोळ झालेली नसते. त्याला म्हणा, 'तू घरी जाऊन ये, दोन तास मी बसते.' ही दोन तासांची भेट लोक जन्मभर विसरत नाहीत. थर्मासमधून चहा आणणारेही विसरत नाहीत. फळं मात्र आणू नका, निम्मी नासतात.

---

कोडोलीची_लेक · रविवार, रात्री ९:१५

(आधीच सांगतो, बाई आहे. आमच्याकडं बायकाही 'मी गेलो, मी आलो' म्हणतात. पुण्यामुंबईच्या मंडळींनी दुरुस्ती करू नये.)

चार वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. घरी आल्यावर मंडळीतली माणसं रीघ लावून आली, त्याबद्दल तक्रार नाही. पण बोलली काय? एक म्हणाल्या, देवाला फुलं लागतात, त्यानं तोडून नेलं. एक म्हणाले, यात काहीतरी चांगलंच असेल. तिसऱ्या बाईंनी बाजूला घेऊन विचारलं, 'प्रार्थनेत कुठं कमी पडलात का? विश्वास डळमळला होता का?' मी गप्प बसलो. त्यानंतर आठ महिने चर्चला गेलो नाही. देवावर राग नव्हता. त्या बाई भेटतील म्हणून गेलो नाही.

जुन्या करारातल्या, मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठवतात? सात दिवस, सात रात्री जमिनीवर त्याच्याशेजारी बसले, कुणी शब्द काढला नाही. तोवर बरोबर होतं सगळं. आठव्या दिवशी तोंड उघडलं आणि मग पस्तीस अध्याय देवालाच मध्ये पडावं लागेपर्यंत थांबले नाहीत. (पस्तीस मी मोजून लिहिलेलं नाही, बिरुयाकर लगेच पकडतील.)

आमच्या आळीत एक म्हातारी होती, शाळेत स्वयंपाकाला जायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. ती आली आणि न विचारता स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलत बसली. बराच वेळ. मग मला म्हणाली, 'बाळाचं नाव काय ठरवलं होतंस गं?'

सगळ्या गावात तेवढं एकीनंच विचारलं. मी नाव सांगितलं आणि पहिल्यांदा मोकळा रडलो. तिनं नंतर प्रार्थना केली तेव्हा ते नाव घेतलं. बाकीचे सगळे 'ती घटना' म्हणत होते.

म्हणून मागचा_बाक, वचन वाचायचं की नाही हा प्रश्न मागाहून. त्यांच्या घरात ज्याचं नाव कुणी घेत नाही, ते आधी ऐकून या.

---

बिरुयाकर · रविवार, रात्री ९:५२

कोडोलीची_लेक, अध्यायांचा हिशोब आज राहू दे.

नीतिसूत्रे २५ मध्ये आहे. खिन्न मनाच्या माणसापुढं गाणी गाणं म्हणजे थंडीत अंगावरचं पांघरूण काढून घेणं. हे वचन गुलाबाच्या फुलावर छापलेलं मी तरी अजून बघितलं नाही.

---

तांबडा_पांढरा · सोमवार, सकाळी ११:३०

मी ख्रिस्ती नाही. राजारामपुरीतला, तालमीतला माणूस. शेजारच्या घरात तुमचे लोक आहेत म्हणून धागा उघडला आणि शेवटपर्यंत वाचला. वाईट वाटून घेऊ नका, पण विचारतो. लसूण सोलणं, थर्मास, दोन तास बसणं, ही तर माणुसकी झाली. २०१९ च्या महापुरात आमच्या तालमीच्या पोरांनीही हेच केलं. पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली होती, तेव्हा कुणी कुणाचा धर्म विचारला नाही. मग यात 'ख्रिस्ती' असं वेगळं काय?

---

मागचा_बाक · सोमवार, दुपारी १:०५

प्रश्न चोख आहे. मला उत्तर येत नाही. कुणीतरी घ्या.

---

निवृत्त_पाळक · सोमवार, रात्री ८:४०

तांबडा_पांढरा, सलाम. तुमच्या पोरांनी केलं ते उसनं नव्हतं, तसंच आमचंही सगळं आमच्या मालकीचं नाही. भुकेल्याला भाकरी देणं हे ख्रिस्ती असायच्या आधी माणसाचं काम. याकोबाच्या पत्रात तर उलटा टोमणा आहे. उघड्या आणि उपाशी भावाला 'सुखानं जा, ऊब घे, पोटभर जेव' म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही, तर त्या बोलण्याचा उपयोग काय? टोमणा आम्हालाच मारलाय.

तरी फरक विचारलात तर मला एक दिसतो. आम्ही जातो ते 'मी तुला सावरतो' म्हणायला नव्हे. सावरणारा दुसराच आहे, त्याची आठवण करून द्यायला जातो. आणि ती आठवण ज्याला करून द्यायची तो आज खचलाय, उद्या मी खचणार, परवा तो माझ्याकडं येणार. रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौलासारखा माणूस लिहितो की मी तुमच्याकडं येतोय ते तुमच्या विश्वासानं मला आणि माझ्या विश्वासानं तुम्हाला धीर मिळावा म्हणून. देणारा आणि घेणारा असे दोन कायमचे पाट मांडलेले नाहीत. पाळकाला हे कळायला फार उशीर लागतो. मला चौतीस वर्षं लागली.

एलीयाचा प्रसंग बघा. कर्मेल डोंगरावर एवढा पराक्रम केलेला संदेष्टा थोड्याच दिवसांत रतामाच्या झुडपाखाली 'मला मरू दे' म्हणत पडला. दूत आला. उपदेश केला? नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची चंबू उशाशी ठेवली, म्हणाला, ऊठ, खा. तो खाऊन परत झोपला. दूतानं झोपू दिलं. दुसऱ्यांदा उठवून परत खायला घातलं. देवाचं बोलणं त्याच्याशी झालं ते पुढं चाळीस दिवसांनी. आम्ही पाळक लोक भाकर द्यायच्या आधी चाळिसाव्या दिवसाचं भाषण सुरू करतो.

मीही केलंय. एका जवान पोराच्या अंत्यविधीला मी पाऊण तास पुनरुत्थानावर बोललो. एकही शब्द चुकीचा नव्हता. त्याच्या आईनं नंतर माझ्याशी कधी डोळा मिळवला नाही.

आणि पौल स्वतः तुरुंगात असताना काय मागतो? त्रोवसात कार्पाकडं राहिलेला माझा झगा आण, पुस्तकं आण, हिवाळ्यापूर्वी ये. अनेसिफराची आठवण काढतो, कारण त्यानं रोममध्ये हुडकत हुडकत त्याला गाठलं आणि त्याच्या बेड्यांची लाज धरली नाही. शेवटचा शब्द महत्त्वाचा. माणूस अडचणीपेक्षा लाजेनं जास्त लांब जातो. धागाकर्त्यांनी हे मनात ठेवून जावं.

---

ओळंबा · मंगळवार, रात्री ९:३०

मी गवंडी हाय, शिकलेला न्हाई जास्त, पोरगी टाइप करून देतीय.

आमच्या पाळकांनी एकदा सांगितलं हुतं की 'उन्नती करा' म्हणजे मूळ भाषेत 'घर बांधा'. तवापासनं मी त्याचाच इचार करतोय, कारण घर बांधणं मला ठावं हाय. तुम्ही सगळे बोलताय ते वीट ठेवायचं. मी सांगतो पाण्याचं.

वीट लावायच्या आधी पाण्यात भिजवाय लागती. कोरडी वीट लावली की ती मालातलं पाणी पिऊन टाकती आणि सांधा पिठागत ऱ्हातो. वरनं दिसत न्हाई. माणसाचं बी तेच. जो सोता कोरडा हाय त्यो दुसऱ्याकडं गेला की त्याचंच पाणी वढून घेतो, आपलीच गाऱ्हाणी सांगून येतो. म्हणून जायच्या आधी आपण गुडघ्यावर बसायचं. भिजून जायचं.

दुसरं, स्लॅब टाकल्यावर सगळे पेढे खाऊन घरी जातात. खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू हुतंय. पाणी मारायचं. निदान सात दिवस, हल्लीच्या पीपीसी सिमेंटला दहा-चौदा. कुणी फोटो काढत न्हाई पाणी मारणाऱ्याचा. पण त्यो चुकला तर स्लॅबला तडे. सिमेंट पाण्यानं पक्कं हुतंय, वाळून न्हवं. लोकांना उलटं वाटतंय.

एक भेट दिली म्हंजे स्लॅब टाकला. पाणी कोण मारणार, ते आधी ठरवा.

---

सलाम_पाहुणं · मंगळवार, रात्री ९:४१

नाद खुळा. पाळकसाहेब, पुढच्या रविवारी संदेशाला यांना उभं करा.

---

बिरुयाकर · बुधवार, सकाळी ८:१०

ओळंबांना मनापासून दाद. पण या धाग्याचा तोल एका बाजूला चाललाय, म्हणून वाईटपणा घेतो.

बोध म्हणजे नुसतं कुरवाळणं नव्हे. पहिल्या थेस्सलनीकाकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात एकाच वाक्यात चार औषधं आहेत. बेशिस्त आहेत त्यांना ताकीद, धीर सुटलेल्यांना धीर, अशक्तांना आधार, आणि सगळ्यांशी सहनशीलता. रोगी वेगळे, औषधं वेगळी. माझा सख्खा मामा दारूनं गेला. मंडळीत सगळे त्याच्याशी गोड बोलायचे. 'प्रभू तुम्हाला सोडवील' म्हणायचे आणि लग्नात शेजारी बसून जेवायचे. कुणी एकानं जरी मनगट धरून 'बास' म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे मी आजही मनात घोळवतो.

---

कोडोलीची_लेक · बुधवार, सकाळी ८:५५

मामांचं वाचून वाईट वाटलं. पण ताकीद द्यायची हौस असणारे आमच्यात कमी नाहीत हो. चार औषधांपैकी तीच बाटली सगळ्यांच्या खिशात असते.

---

ओळंबा · बुधवार, रात्री १०:०२

दोघांचं बी बरोबर. ओळंबा लावायचा असतोयच, न्हाईतर भिंत वाकडी. पण त्यो लावतात माल ओला असताना, थर थर चढवताना. जो रोज बरोबर हाय त्योच लावू शकतोय. भिंत उभी झाल्यावर कुणीतरी बाहेरनं येऊन वाकडी हाय म्हणाला, तर फोडण्याबिगर दुसरा उपाय ऱ्हात न्हाई.

---

बिरुयाकर · बुधवार, रात्री १०:२०

मान्य. मामाला ओळंबा लावण्याइतका जवळचा कुणी नव्हता. मीही नव्हतो.

---

जुनं_दप्तर · गुरुवार, दुपारी ४:००

थोडं इतिहासाचं, कारण ही गोष्ट आपल्या गावची असून आपल्यातच कुणाला माहीत नसते.

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. वाइल्डर मेमोरिअल चर्चच्या नावात तेच घराणं आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथंच कोल्हापुरात जन्मला. कुटुंब पुढं अमेरिकेत परतलं, रॉबर्ट प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन इथं विद्यार्थ्यांचं शिबिर झालं. त्यात शंभर जणांनी परदेशी सेवेसाठी नाव दिलं. त्यातूनच स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट ही मिशनरी चळवळ उभी राहिली आणि हजारो तरुण जगभर गेले. इतिहासात नाव रॉबर्टचं येतं.

पण त्याच्यामागं थोरली बहीण ग्रेस होती. घरी दोघं मिळून या एकाच गोष्टीसाठी रोज प्रार्थना करायचे. शिबिर कॉलेजच्या मुलांचं होतं, तिला तिथं जागा नव्हती. भावाला तिकडं पाठवून ती मागं राहिली. माझ्या मते त्या शंभरांच्या यादीतलं पहिलं नाव तिचं, कागदावर नसलेलं. ओळंबांच्या भाषेत, पाणी मारणारी.

---

पुण्याहून_परत · गुरुवार, संध्याकाळी ६:१२

मागचा_बाक गेले का पण? धागा पेटवून गायब झालेत.

---

मागचा_बाक · शनिवार, रात्री ११:२०

गेलो. आत्ताच आलो. जमेल तसं लिहितो.

पावतीपुस्तक नेलं नव्हतं. तरी दार उघडल्यावर त्यांची नजर आधी माझ्या हाताकडं गेली. रिकामे होते. कसबा बावड्याला भाड्याच्या दोन खोल्या. शिरोलीला फाउंड्रीत होते, सप्टेंबरात काम सुटलं. तेव्हापासून मिळेल ते करतात, सध्या एका टेम्पोवर. हे सगळं मला वहिनींनी सांगितलं, ते स्वतः काही बोलले नाहीत. वर्गणी थकली म्हणून तोंड दाखवायची लाज वाटली, एवढंच म्हणाले. निवृत्त_पाळक, तुमचं वाक्य तिथंच आठवलं.

मी काय बोलू? म्हटलं, वर्गणीची वही माझ्या हातात आहे आणि मला हिशोब नीट येत नाही. ते हसले नाहीत. टीव्हीवर काहीतरी चालू होतं. मग फुटबॉलवर आलो. ते दिलबहारचे, मी पाटाकडील. तिथं मात्र बोलणं सुरू झालं, पाऊण तास शाहू स्टेडियम. वचन वाचलं नाही. प्रार्थना करू का विचारलं, 'पुढच्या वेळी' म्हणाले. मी पुढच्या वेळेवर समाधान मानलं.

आता खरी गोष्ट. निघताना कोपऱ्यात कापडाखाली तबला दिसला. आणि माझ्या पोटात गोळा आला. अहो, हे आमच्या उपासनेत तबला वाजवायचे! बारा-तेरा वर्षं! तीन वर्षांपूर्वी आम्ही कीबोर्ड घेतला, पैसे मीच मंजूर केले, त्यात ताल तयार येतो. तेव्हापासून ते पुढून मागच्या बाकावर आले. कुणी काढलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. फक्त गरज संपली. मी हे साफ विसरलो होतो. म्हणजे माणूस सात महिन्यांपूर्वी गेलाच नव्हता, तीन वर्षांपूर्वी गेला होता. वहीत तेवढं उशिरा उमटलं.

---

निवृत्त_पाळक · शनिवार, रात्री ११:४८

करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १२. जे अवयव अशक्त वाटतात तेच गरजेचे. मी यावर किमान वीस संदेश दिले असतील, आणि आमच्याही चर्चमध्ये कीबोर्ड आहे.

---

जुनं_दप्तर · रविवार, सकाळी ६:३०

नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनाच्या चालीवर गीतं रचली ती मराठी माणसाला परक्या चालीत अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकात त्यांची कितीतरी आहेत. ती तयार तालावर म्हणून बघा, लिफ्टमध्ये उभं असल्यासारखं वाटतं. त्यांना तबलाच लागतो. हे दयेपोटी सांगत नाही, कानाला खरंच ते बरं वाटतं.

---

मागचा_बाक · रविवार, दुपारी १:४०

जुनं_दप्तर, तुमचा प्रतिसाद वाचूनच चर्चला गेलो. पाळकसाहेबांशी बोललो. पुनरुत्थान दिनाच्या (ईस्टरच्या) उपासनेला दोन भजनं घ्यायची, कीबोर्ड बंद ठेवून. त्यांना विचारायचं, पण उपकार केल्यासारखं नाही. खरंच अडलंय म्हणून. कारण अडलंयच.

आज ते आले नाहीत. मुलगी आली, एकटी. मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसली. उपासना संपल्यावर म्हणाली, 'काका, पप्पांनी काल तुम्ही गेल्यावर तबला काढला होता. पण डग्ग्याची पुडी फाटलीय.'

मंगळवारी परत जायचंय, मॅच बघायला. कोल्हापुरात चांगली पुडी चढवून देणारं कुणी माहीत आहे का? मंगळवारच्या आत हवंय.

---

तांबडा_पांढरा · रविवार, दुपारी १:५२

आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाची पखवाज-तबल्याची सगळी कामं एकाकडंच असतात. सोमवारी सकाळी डग्गा घेऊन राजारामपुरीत या, मी बरोबर येतो. नंबर वैयक्तिक निरोपात पाठवलाय.